दहा गुणांचं नातं

परभणी जिल्ह्यातले इतिहास विभाग, त्यांचे पदवीधर आणि गावोगावी बस्त्यात बांधून ठेवलेला इतिहास

२०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांमध्ये एकाच प्रश्नाची धावपळ सुरू झाली : मोडी कोणाला वाचता येते? मराठा आरक्षणासाठी झालेल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर शासनानं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी हुडकण्याचं काम तहसीलच्या रेकॉर्ड रूमपर्यंत येऊन ठेपलं. वर्षानुवर्षं गाठ न सुटलेले बस्ते टेबलावर आले. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, कुळनोंदवह्या, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची रजिस्टरं, जुन्या शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे. गाठ सोडायला वेळ लागला नाही. अडलं ते वाचण्यापाशी. काही कागद मोडीत, काही उर्दूत, तेही घाईच्या शिकस्ता वळणात. मोडीवाले थोडे, उर्दूची जुनी दफ्तरी लिपी वाचणारे त्याहून थोडे. समितीला पुरावे धुंडाळायला हैदराबादही गाठावं लागलं. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं कुणबी नोंदींचा आधार म्हणून हैदराबाद गॅझेटियर हा शब्द चावडीवरच्या गप्पांत आणून बसवला.

आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो त्या धावपळीत उघड पडलेल्या एका रिकाम्या जागेचा. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या जवळजवळ प्रत्येक गावी महाविद्यालय आहे, आणि बी.ए.ला इतिहास शिकवणं ही तिथली जुनी रीत. परभणीतली श्री शिवाजी आणि ज्ञानोपासक ही महाविद्यालयं, सेलूचं नूतन, गंगाखेडचं संत जनाबाई, शिवाय जिंतूर, मानवत, सोनपेठ. इतक्या वर्षांत या वर्गांमधून इतिहास घेऊन बाहेर पडलेली मुलंमुली जिल्हाभर पसरलेली आहेत. ती आज तलाठी आहेत, गुरुजी आहेत, ग्रामसेवक आहेत, पोलीस आहेत, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसलेली आहेत. जिल्ह्याचा इतिहास ज्या कपाटांत, ज्या शिवारांत आणि ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, त्यांच्या सगळ्यात जवळ हीच माणसं आहेत. त्यांचं आपल्या इतिहास विभागाशी नातं मात्र बहुधा एका व्हॉट्सअॅप ग्रुपपुरतं आणि वर्षाकाठच्या मेळाव्यापुरतं.

एका घरातली तीन प्रमाणपत्रं

परभणीतल्या एखाद्या जुन्या शिकलेल्या घरात आजोबा, मुलगा आणि नात अशा तिघांची पदवी प्रमाणपत्रं शेजारी शेजारी मांडली, तर त्यांवर तीन विद्यापीठांची नावं निघू शकतात. घर तेच राहिलं, विद्यापीठ बदलत गेलं. मराठवाड्यातल्या उच्च शिक्षणाचा सगळा इतिहास एवढ्या तीन कागदांत मावतो.

पहिल्या कागदावर उस्मानिया. १९१८ साली हैदराबादेत निघालेलं हे विद्यापीठ उर्दूतून शिकवायचं. मराठवाड्यातल्या मुलाला पदवी हवी तर मनमाड–सिकंदराबाद मीटरगेजच्या गाडीत बसून निजामाच्या राजधानीत जावं लागायचं. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी ती मोडली, विद्यापीठानं त्यांची नावं काढून टाकली आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं पदरात घेतलं. त्याच पिढीतून पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कितीतरी कार्यकर्ते निघाले. विद्यापीठानं ज्यांना घालवून दिलं, त्यांनीच त्या विद्यापीठाचं नाव इतिहासात नेऊन बसवलं, असा हा उफराटा प्रकार.

दुसऱ्या कागदावर मराठवाडा विद्यापीठ. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. हैदराबादची गाडी सुटली आणि औरंगाबादची सुरू झाली. तिथल्या इतिहास विभागाला चांगले दिवस आले ते खोदकामानं. र. शं. गुप्ते या विभागाचे. अजिंठा, वेरूळ आणि औरंगाबादच्या लेण्यांवर बी. डी. महाजन यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९६२ चा. १९७३ मध्ये मराठवाडा आणि नागपूर या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं, नागपूरकडून शां. भा. देव, इकडून गुप्ते. सातवाहनकाळातलं हे भोगवर्धन. इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडलेल्या प्रसिद्ध हस्तिदंती बाहुलीचा धागा अभ्यासक ज्या गावांशी जोडतात, त्यांत भोकरदनचं नाव आहे. रा. श्री. मोरवंचीकर यांनी पैठणवर आणि औरंगाबादच्या नहरींवर काम केलं. या विभागात एम.ए. करून निघालेली पिढी मराठवाड्यातल्या नव्या महाविद्यालयांत शिकवायला गेली आणि जाताना मातीचा वास बरोबर घेऊन गेली. सहल काढायची तर ती लेणी बघायला, आणि बघताना वही हातात हवी, ही शिस्त तिथून आली.

या विद्यापीठाचं नाव हाच पुढे मराठवाड्याच्या इतिहासाचा एक मोठा अध्याय झाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्या रात्रीपासून गावोगावच्या दलित वस्त्यांनी जे सोसलं, त्याची किंमत माणसांच्या जिवांत मोजावी लागली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि परभणीची महाविद्यालयं नांदेड, लातूरच्या महाविद्यालयांबरोबर तिकडे गेली. तिसऱ्या कागदावर हे नाव. स्वामीजी स्वतः आधी शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, त्यांनी मुलं घडवली आणि १९३८ नंतर त्यांतल्या अनेकांना घेऊन लढ्यात उतरले. शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांचं नातं किती दूरवर जाऊ शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मराठवाड्याला शोधावं लागू नये.

वाटणी फक्त विद्यापीठांची झाली नाही. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतून गेलं, १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला तेव्हा औंढा, वसमत, कळमनुरी गेले. बी. रघुनाथांचं सातोना आज जालन्यात आहे, नरहर कुरुंदकरांचं कुरुंदा हिंगोलीत. दोघांच्या जन्मवेळी जिल्हा परभणीच होता. १९६७ साली शासनानं काढलेलं परभणीचं गॅझेटियर उघडून आजचा नकाशा शेजारी धरला, की जिल्हा केवढा होता ते कळतं. जुनं दफ्तर शोधणाऱ्याला नुसता आजचा जिल्हा माहीत असून भागत नाही, कालचाही माहीत लागतो. आणि हे माहीत असतं ते तिथे राहून शिकलेल्याला.

तासिका आणि श्रेयांक

आज परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात इतिहास विभागाची पाटी बघून आत गेलात, तर खुर्च्या दोन-तीन आणि त्यांवर कायम माणूस एखादाच, असं दृश्य दिसलं तर नवल नाही. बाकीचा गाडा तासिका तत्त्वावरचे ओढतात. बोलीत त्यांना सीएचबी म्हणतात. नेट किंवा सेट झालेली, पीएच.डी. झालेली ही मंडळी तासाच्या हिशोबानं शिकवतात, आणि सुट्टी लागली की हिशोब थांबतो. माजी विद्यार्थ्यांशी संबंध ठेवायचा म्हणजे कोणीतरी वीस वर्षं त्याच खुर्चीत बसून असावं लागतं. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही याची खात्री नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा कशी ठेवायची? पदभरती आणि माजी विद्यार्थी हे विषय कागदावर वेगळे दिसतात. विभागात बसलं की ते एकच असतात.

अलीकडे अभ्यासक्रमाची मांडणीही बदलली. नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना आणि त्यापुढच्या वर्षी संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना लागू झालं. मुख्य विषय, दुय्यम विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्याधारित पेपर अशा नव्या नावांनी प्राध्यापकांची झोप उडवली खरी. त्यातच एक गोष्ट मात्र इतिहासवाल्यांच्या फायद्याची आहे. एम.ए.च्या पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्र प्रकल्प सक्तीचा झाला, ४ श्रेयांकांचा. एका श्रेयांकाला प्रत्यक्ष कामाचे ३० तास धरले, तर हे १२० तास होतात. शिवाय दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. पदवीलाही क्षेत्र प्रकल्प आणि समाजसंपर्काचे श्रेयांक आहेतच.

वाणिज्यचा मुलगा सनदी लेखापालाकडे जाईल, विज्ञानाचा प्रयोगशाळेत. इतिहासाच्या मुलानं १२० तास कुठे घालवायचे? परभणीत नाव घेण्यासारखं मोठं संग्रहालय नाही, पुराभिलेखागार नाही. म्हणून मग अनेकदा हे तास एखाद्या ओळखीच्या दुकानात किंवा सेवाभावी संस्थेत ‘दाखवले’ जातात, शिक्का मिळतो, फाइल भरते. आणि त्याच वेळी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मोडी वाचणारा मिळत नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला कोणाला वेळ झालेला नाही. रेकॉर्ड रूममध्ये बसणारा अव्वल कारकून याच विभागाचा माजी विद्यार्थी असेल, तर बारा वाजताच्या चहाला त्याची गाठ घेऊन हा प्रश्न सुटण्याची शक्यता परिपत्रकापेक्षा जास्त.

मेळावा

माजी विद्यार्थी मेळाव्याचा साचा महाराष्ट्रभर सारखाच. दारात रांगोळी, हारतुरे, सरस्वतीची प्रतिमा, दीपप्रज्वलन, मनोगतं. कोणी तहसीलदार झालेला असेल तर तो मंचावर, शेती करणारा मागच्या रांगेत. ‘सरांनी मला घडवलं’ असं प्रत्येकजण सांगतो, आणि खोटं सांगत नाही. मग फोटो, जेवण आणि नॅकच्या फाइलीत जोडायला उपस्थितीचा कागद.

नॅकचं नाव इथे उगाच आलेलं नाही. महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या या संस्थेच्या २०१७ नंतरच्या आराखड्यात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा पाचव्या निकषातला चौथा मुद्दा. एकूण १००० गुणांपैकी त्याला १० गुण. त्यात नोंदणीकृत संघटना आहे का आणि तिनं वर्षाला किती पैसे दिले, हे विचारलं जातं. जे मोजलं जातं ते केलं जातं, हा कचेरीचा नियम. म्हणून संघटना नोंदल्या गेल्या आणि देणग्यांच्या पावत्या फाडल्या गेल्या. आता नॅक ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘अमान्य’ अशा दुहेरी पद्धतीकडे वळते आहे. फाइलीचा रंग बदलेल, सवय बदलायला वेळ लागेल. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पदवीधर कंपनीत मोठा होतो, संगणकांची खोली बांधून देतो. इतिहासाचा पदवीधर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होतो. त्याच्याकडून इमारतीची अपेक्षा धरली तर त्यालाही ओशाळल्यासारखं होतं आणि विभागालाही. त्याच्याकडे देण्यासारखं जे आहे, ते पावतीवर मावत नाही.

परभणीतच दुसरं उदाहरण आहे, आणि ते इतिहासवाल्यांनी पाहण्यासारखं आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेलं इथलं कृषी विद्यापीठ, आताचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, दरवर्षी स्थापनादिनी खरिपाचा आणि १७ सप्टेंबरला रब्बीचा शेतकरी मेळावा भरवतं. माणसं टेम्पो करून येतात. भाषणांसाठी कोणी येत नाही. बियाणं न्यायला येतात, कपाशीच्या पानावरचा डाग दाखवायला येतात. ‘परभणी क्रांती’ भेंडी आणि ‘परभणी मोती’ ज्वारी ही नावं विद्यापीठाच्या फाटकाबाहेर शिवारात रुजली ती या येण्याजाण्यातून. नातं टिकतं ते देवाणघेवाणीवर. इतिहास विभागाच्या मेळाव्याला येणाऱ्याच्या पिशवीत परत जाताना काय असतं? आणि येताना त्यानं काय आणावं, असं कोणी सांगितलेलं असतं का?

कागद : ५९० की ५९१?

कागदापासून सुरुवात करू. निजाम राज्यात १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. गावच्या पातळीवर पटवारी-कुलकर्ण्यांची मोडी चालूच राहिली. म्हणून एकाच घराच्या पेटीत तीन तऱ्हेचे कागद सापडतात : पणजोबाची मोडी यादी, इनामाचा उर्दू मुंतखब, म्हणजे इनाम मान्य केल्याचा दाखला, आणि १९५४-५५ च्या सुमाराची खासरा पाहणी, जिच्यावर मराठवाड्यातले जमिनीचे कितीतरी दावे आजही अडलेले असतात.

मोडी वाचायला बसलं की पहिल्या दिवशी कळतं : आधी रेघ ओढली आहे आणि मग अक्षरं तिला टांगली आहेत, हात उचलायला लागू नये म्हणून ती एकमेकांत गुंतवली आहेत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘बिन’ आला की अमक्याचा मुलगा, ‘मौजे’ आलं की गाव, ‘कसबे’ आलं की बाजारपेठेचं गाव. आठवड्याभरात नावं वाचता येतात. महिन्याभरात हिशोब.

खरी गंमत तारखेची. हैदराबाद राज्याचा कारभार फसली सनावर चालायचा. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ‘आजूर’ महिन्यानं सुरू व्हायचं, मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी असं करत ‘आबान’ला संपायचं. इसवी सन काढायचा तर फसलीत ५९० मिळवा, असं वहीत लिहिलेलं असतं. १३५७ फसली म्हणजे १९४७. चुकलं. १३५७ चा आजूर १९४७ च्या ऑक्टोबरात पडतो खरा, पण जानेवारी लागला की ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे आबान १३५७ हा १९४८ चा सप्टेंबर. १३ ते १७ तारखेला भारतीय फौजा हैदराबादेत उतरल्या तो महिना. बेरीज एका आकड्यानं चुकली तर कागद पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा होतो की ऐन वेळचा, हे पार बदलून जातं. फाळणीचा तंटा, कुळाचा हक्क, जातीची नोंद, सगळं त्या एका आकड्यावर.

हे शिकवणारा पेपर अभ्यासक्रमात बसवता येतो आणि शिकवण्यासाठी नमुने लागतात. नमुने आहेत माजी विद्यार्थ्यांच्या घरी. मूळ कागद कोणी मागत नाही. मोबाइलवर काढलेला नीट फोटो, गावाचं नाव आणि तो कोणाकडे आहे याची नोंद, एवढं पुरे. परभणीला आणखी एक जमेची बाजू आहे. इथे उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, उर्दू लिहिणारी-वाचणारी घरं आहेत. मराठी माध्यमातून इतिहास शिकलेल्या मुलीला नोंदीतला व्यवहार कळतो पण लिपी कळत नाही. उर्दू शाळेतून आलेल्या मुलाला लिपी कळते, मुंतखब म्हणजे काय ते कळत नाही. या दोघांना एका टेबलावर बसवणं हे विभागाचं काम. ते झालं तर शासनानं पुढच्या वेळी लिपी वाचणाऱ्यांसाठी जाहिरात द्यायची गरज उरणार नाही.

दगड : वालूर ते धारासूर

सेलू तालुक्यातलं वालूर. इथली बारव इतर बारवांसारखी सरळ पायऱ्यांची नाही. वर्तुळाकार भिंतीला लगटून पायऱ्या गोल फिरत खाली उतरत जातात. वरून पाहिलं तर दगडी मळसूत्र. कचऱ्यानं आणि गाळानं ती भरलेली होती. बारव वाचवण्याची मोहीम महाराष्ट्रात सुरू झाली आणि गावकऱ्यांनी हातात टोपली घेतली, गाळ उपसला, पाणी दिसायला लागलं. परभणी जिल्हा प्रशासनानंही बारवा शोधायचं काम हाती घेतलं. टपाल खात्यानं राज्यातल्या निवडक बारवांवर चित्र-पोस्टकार्डं काढली, त्यांत वालूर आणि पिंगळीसारख्या परभणीच्या बारवा झळकल्या. यात इतिहासात पदवी घेतलेले कितीजण होते, हे कोणी मोजलेलं नाही. मोजायला हवं होतं. कारण उपसण्याचं काम गाव करतं, पण शिळेवर अक्षर दिसलं तर त्यावर चुना फासू नका, आधी फोटो काढा, हे सांगायला विषय शिकलेलं माणूस तिथे उभं असावं लागतं.

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा अशा दगडांनी भरलेलं. मंदिरं, बारव, आणि आभाळात गेलेला एक कोरीव स्तंभ. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर, ज्याच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी बघायला अभ्यासक लांबून येतात आणि ज्याच्या संवर्धनाचा प्रश्न अलीकडे ऐरणीवर आला. पाथरीचं नाव तर फरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथातच आहे : अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी, असं तो सांगतो. आणि शके ८८८ चा, म्हणजे इसवी सन ९६६ चा परभणी ताम्रपट. वेमुलवाडच्या चालुक्य अरिकेसरीनं सोमदेवसूरी या जैन आचार्याला दिलेल्या दानाचा हा लेख. ‘यशस्तिलक’ आणि ‘नीतिवाक्यामृत’ लिहिणारे ते हेच. ज्या ताम्रपटाला जगभरच्या अभ्यासात परभणीचं नाव आहे, तो परभणीतल्या बी.ए.च्या किती मुलांना माहीत असतो? अभ्यासक्रमात राष्ट्रकूट येतात, मान्यखेट येतं. आपलं गाव येतं ते कोणी मुद्दाम आणलं तर.

पुण्याची बॅग

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही निजामी काळापासूनची म्हण इतिहासाच्या पदवीधराला आजही लागू पडते, थोड्या वेगळ्या अर्थानं. पदवी झाली की बॅग भरायची आणि पुणे गाठायचं. पेठेत खोली, अभ्यासिकेत जागा, मेसचा डबा. राज्यसेवा, पीएसआय, एसटीआय, शेवटी तलाठी. जमलं तर जमलं, नाहीतर परभणी. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, ऐच्छिक विषय आला आणि इतिहास घेऊन लिहिणाऱ्याला पुन्हा भाव आला. पाच-सहा वर्षं पुण्यात काढून रिकाम्या हातानं परतलेली मुलं स्वतःला हरलेली समजतात, घरचेही समजतात. पण आधुनिक महाराष्ट्राचा इतिहास या मुलांइतका कोणी वाचलेला नसतो. वाचनाची बैठक आहे, लिहिण्याची सवय आहे, गावात राहणं आहे. विभागाला याहून चांगला स्थानिक सहकारी कुठे मिळणार?

अशा स्थानिक माणसांकडून इतिहास लिहून घेण्याचे प्रयोग बाहेर झालेले आहेत. स्वीडनमध्ये स्वेन लिंडक्विस्ट यांनी १९७८ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं सांगणं एवढंच होतं की जिथे उभे आहात तिथे खणा. कामगारांनी आपल्या कारखान्याचा इतिहास स्वतः शोधावा, कारण त्या कामातले तज्ज्ञ तेच. हजारो स्थानिक अभ्यासमंडळं त्यातून उभी राहिली. इंग्लंडात रस्किन महाविद्यालयात राफाएल सॅम्युएल यांनी १९६० च्या दशकात खाणीतून, रेल्वेतून शिकायला आलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना त्यांच्याच धंद्याचा इतिहास लिहायला लावलं. लेस्टर विद्यापीठात स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९४८ मध्ये. मराठवाडा निजामाच्या हातून सुटला त्याच साली. आपल्याकडे वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करत होते, ते याच्याही आधी. मराठवाडा तेव्हा दुसऱ्या राज्यात होता, म्हणून ती पायपीट इथवर फारशी पोचली नाही. राहिलेली पायपीट करायला आता एका राजवाड्यांची वाट पाहायची गरज नाही. जिल्ह्यात शेकड्यांनी माणसं आधीच जागेवर आहेत.

माणसं : वयाचा हिशोब

कागद आणि दगड थांबू शकतात. माणसं थांबत नाहीत.

मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव २०२३ मध्ये झाला. अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात पुढाऱ्यांची आणि केंद्रांची नोंद आहे. वापटीच्या बहिर्जी शिंदे यांचं नाव वसमतच्या महाविद्यालयाला आहे. पण सरहद्दीवरच्या कॅम्पात भाकऱ्या पोचवणाऱ्या बाईचं नाव कुठल्या ग्रंथात नाही. रझाकारांच्या भीतीनं रात्री शेतात झोपलेल्या घरांच्या आठवणी आहेत. पोलीस अ‍ॅक्शननंतर ज्या मुसलमान घरांवर सूड उगवला गेला, त्यांच्याही आहेत. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं अप्रकाशित राहिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचं त्यात म्हटलं आहे. परभणी या चारांत नाही, पण शेजारी आहे. दोन्ही आठवणी टिपायच्या तर बाहेरचा माणूस चालत नाही. गावातलाच, ज्याच्यासमोर म्हातारी पदर सावरून खरं बोलेल असा हवा. माजी विद्यार्थी तो आहे.

१९४८ मध्ये जो अठरा वर्षांचा होता, तो २०२५ मध्ये पंचाण्णव वर्षांचा झाला. १९७२ च्या दुष्काळात वीस वर्षांची जी बाई खडी फोडायला गेली, मिलोची भाकरी आणि सुकडी जिनं खाल्ली, ती त्र्याहत्तरची. १९७८ मध्ये वीस वर्षांचा जो विद्यार्थी नामांतराच्या मोर्चात होता, किंवा ज्याचं घर जळलं, तो सदुसष्टचा. यांतला शेवटचा तर बहुधा विद्यापीठाचा माजी विद्यार्थीच. त्याला मेळाव्यात शाल दिली जाते, पण ध्वनिमुद्रण सुरू करून समोर कोणी बसत नाही.

काम मोठं वाटतं, पण सुरुवातीला लागतं थोडंच. विभागात एक नोंदवही, तालुकानिहाय : कोणता माजी विद्यार्थी कुठे आहे, कोणती लिपी वाचतो, कोणत्या गावचे कागद त्याला ठाऊक आहेत. एम.ए.च्या मुलांच्या त्या १२० तासांसाठी अशा माजी विद्यार्थ्यालाच स्थानिक मार्गदर्शक नेमायचं आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव छापायचं. ग्रंथालयात एक कपाट जिल्ह्यासाठी राखायचं, ज्यात गॅझेटियरपासून गावच्या स्मरणिकेपर्यंत सगळं येईल. मराठवाडा इतिहास परिषदेच्या अधिवेशनात प्राध्यापकाच्या शेजारी त्या गुरुजीनं, त्या तलाठ्यानं निबंध वाचायचा. मेळाव्याला येताना घरचा एक जुना कागद किंवा एका वडीलधाऱ्या माणसाचं तासाभराचं बोलणं मोबाइलवर घेऊन यायचं आणि जाताना त्याची वाचलेली, देवनागरीत उतरवलेली प्रत घेऊन जायची. यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो खुर्चीत टिकून बसणारा एक प्राध्यापक, आणि त्याची जबाबदारी शासनाची.

कुठून सुरू करायचं यावर समिती नेमू नये. पंचाण्णव, त्र्याहत्तर, सदुसष्ट : क्रम वयानंच लावून दिलेला आहे, आणि पहिल्या नंबरची रांग जवळजवळ संपत आली आहे.